यतीनचा नंबर लावलेला माणूस

यतीनच्या टी-शर्टांना घामाचा वास येत नव्हता, हे क्षिप्राच्या लक्षात आलं ते श्रावणात. दिल्लीकडचा श्रावण म्हणजे नुसती चिकचिक. बाल्कनीत उभं राहिलं तरी पाठ भिजते. आणि हा माणूस दर रविवारी पहाटे गाडी घेऊन ‘लाँग रन’ला जायचा, अरवलीच्या रस्त्यावर पळून आलो म्हणायचा, आणि धुवायला टाकलेला टी-शर्ट फक्त चुरगळलेला असायचा.

“ऑफिसच्या जिममध्ये शॉवर घेतो ना मी,” तो म्हणाला. “टी-शर्टही तिथेच पिळून काढतो.”

विचारायच्या आधीच उत्तर तयार असल्यासारखं वाटलं. क्षिप्राला तेच खटकलं.

पुण्याहून गुरुग्रामला येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. यतीन एका आयटी कंपनीत मॅनेजर, क्षिप्रा घरूनच एका इंटिरिअर फर्मची ड्रॉइंग्ज करायची. चाळिशी ओलांडल्यावर यतीनला पळण्याचं वेड लागलं होतं, आणि ते खरं वेड होतं. मागच्या वर्षी तो दमून यायचा, सोफ्यावर आडवा व्हायचा, पोटऱ्या दाबून दे म्हणायचा. या वर्षी त्याच्या कंपनीची टीम दिल्लीतल्या मोठ्या हाफ मॅरेथॉनला उतरणार होती आणि तो कॅप्टन होता. पण आता तो पोटऱ्या दाबायला सांगत नव्हता. रविवारी घरी आला की फोन उलटा ठेवून पेपर वाचत बसायचा.

क्षिप्राने तीन वेगवेगळ्या रविवारी, तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. तीनही वेळा त्याने हसून उडवून लावलं. मग तिने विचारणं बंद केलं आणि बघायला सुरुवात केली. बुटांचे तळवे बघितले. मोबाइलवर त्याच्या लोकेशनचा निळा ठिपका बघितला. रविवारी सकाळी तो नेमका बंद असायचा.

एकदा ती त्याच्या बॅगेची चेन उघडत असताना सातवीतली मुलगी शिवांगी मागे येऊन उभी राहिली.

“आई, तुला बाबावर शक आहे?”

“काहीतरीच काय. पाण्याची बाटली शोधतेय.”

“अच्छा,” शिवांगी म्हणाली. मग तिने विचारलं, “शकला मराठीत काय म्हणतात?”

“संशय,” क्षिप्रा म्हणाली आणि चेन लावून टाकली.

त्याच आठवड्यात तिने त्याच मॅरेथॉनच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं. यतीनला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग तो म्हणाला, “बिल्कुल! मस्त होईल.” उतरलेला चेहरा तिने नीट लक्षात ठेवला.

नाव घातलं होतं पाळत ठेवायला, पण पळायला तर लागणारच होतं. पहिल्या आठवड्यात सोसायटीच्या दोन चकरांत तिला धाप लागली. कुत्री फिरवायला आलेले लोक तिच्या पुढे निघून जायचे. पण गणपती उठले, हवा जरा कोरडी झाली, आणि एके सकाळी तिला जाणवलं की आपण पळतोय आणि डोक्यात काहीच चाललेलं नाही. यतीन नाही, टी-शर्ट नाहीत, निळा ठिपका नाही. ती घरी आली ती शीळ घालत.

शर्यतीच्या दिवशी दोघं बरोबरच निघाले. स्टेडियमच्या बाहेर धुरकट उजेडात हजारो माणसं उड्या मारत, हात झटकत उभी होती. स्पीकरवर पंजाबी गाणी दणाणत होती. यतीनने जॅकेटची चेन उघडून छातीवर टोचलेला नंबराचा कागद सारखा केला. त्या कागदाला पळणारे बिब म्हणतात. मागच्या बाजूला घरच्या माणसाचा फोन नंबर आणि रक्तगट लिहायचा असतो. यतीनच्या बिबमागे क्षिप्राने स्वतः बॉलपेनने आपला नंबर लिहिला होता.

“चल,” तो म्हणाला. “माझी वेळ झाली. तू पहिले दोन किलोमीटर हळू जा.”

हाफ मॅरेथॉनच्या फाटकातून तो आत जाईपर्यंत ती टाचा उंचावून बघत राहिली. गर्दीत त्याची निळी टोपी दिसली, मग दिसेनाशी झाली. तिला हलकं वाटलं. एवढ्या लोकांसमोर आत गेलेला माणूस पळणार नाही तर काय करणार?

तिची शर्यत नंतर सुटली. आधी नुसती रेटारेटी होती. मग रस्ता रुंद झाला, दोन्ही बाजूंनी शाळेची मुलं टाळ्या वाजवायला लागली, आणि दूर इंडिया गेट धुक्यातून हळूहळू वर आलं. शेजारून पळणाऱ्या एका सरदारजी आजोबांनी तिला “शाबाश बेटा” म्हटलं. आठव्या किलोमीटरची पाटी गेली तेव्हा ती दमली होती, पण थांबावंसं वाटत नव्हतं.

तेवढ्यात कमरेच्या पट्ट्यातला फोन वाजला. अनोळखी नंबर. तिने कट केला. पुन्हा वाजला.

“मॅम, आप यतीन सर की वाइफ बोल रही हैं? मैं मेडिकल टीम से। सर रास्ते में गिर गए हैं, बेहोश हैं। हॉस्पिटल ले जा रहे हैं, आप आ जाइए।”

पुढची माणसं तिला चुकवत निघून जात होती. तिने हॉस्पिटलचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि बॅरिकेडखालून वाकून बाहेर पडली. एका पोलिसाने तिचा चेहरा बघून न विचारताच रिक्षा थांबवली.

रिक्षात तिला रडू आलं. तो पळत होता! खरोखर पळत होता, कोसळेपर्यंत पळत होता, आणि आपण त्याच्या टी-शर्टांचे वास घेत बसलो. एवढं बारीक बघत होतो, मग त्याची तब्येत कशी दिसली नाही? यतीनचा फोन लावला. बंद. अर्थात बंद असणार.

इमर्जन्सी वॉर्डात एका नर्सने हिरवा पडदा सरकवला. “ये रहे आपके हज़बंड.”

पलंगावर एक तिशीतला, दाढीवाला, काटक माणूस पडला होता. काखेत बर्फाच्या पिशव्या, हाताला सलाइन. छातीवर कात्रीने कापलेला टी-शर्ट आणि त्याला अजून टोचलेलं यतीनचं बिब.

क्षिप्राने पडद्याबाहेर जाऊन शेजारचे पलंग बघितले. परत आली. माणूस तोच.

“बीपी की दवा लेते हैं?” डॉक्टरने विचारलं. “कोई एलर्जी? पहले कभी ऐसा हुआ है?”

“ये मेरे पति नहीं हैं,” क्षिप्रा म्हणाली.

डॉक्टरने बिब उलटं करून बघितलं. “नंबर तो आप ही का है।”

“हां. नंबर माझा... मेरा है। लिखा भी मैंने ही है। पर ये वो नहीं हैं।”

नर्सने डॉक्टरकडे बघितलं. दाराशी उभा असलेला गार्ड दोन पावलं जवळ आला. “तो ये कौन है?” डॉक्टरचा आवाज बदलला होता. “और आपके पति कहां हैं?”

इतके महिने क्षिप्रा दुसऱ्यावर नजर ठेवून होती. आता तिघंजण तिच्यावर नजर ठेवून उभे होते. तिने एवढंच सांगितलं, की बिबवरचा रक्तगट आणि नाव कृपा करून खरं धरू नका, हा माणूस दुसराच कुणीतरी आहे.

त्या माणसाचे ओठ हलले. “सर...” तो पुटपुटला. “सर, नाही जमणार आता.”

मराठी! क्षिप्रा खाली वाकली. “कोण तुम्ही? नाव काय तुमचं?”

त्याने कष्टाने डोळे उघडले आणि तिच्याकडे बघत राहिला. “वहिनी?” तो म्हणाला. “सरांच्या मोबाइलवर फोटो बघितलाय तुमचा.”

अर्ध्या तासाने त्याला नीट बोलता यायला लागलं. त्याचं नाव संग्राम. मूळचा कराडचा, दिल्लीत मुनिरक्यात खोली घेऊन राहणारा, पीएचडी संपत आलेली. मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर यतीनशी ओळख झाली. संग्राम कॉलेजात असताना पळायचा, हे कळल्यावर यतीनने त्याला पुन्हा तयार केलं. दर रविवारी तो पळायचा आणि यतीन गाडीतून मागे, हातात घड्याळ धरून. शर्यतीच्या दिवशी यतीनने आत जाऊन बिब त्याच्या छातीवर लावायचं आणि शेवटी पुन्हा घ्यायचं, असं ठरलं होतं.

“पण तुम्ही का पळलात त्याच्या नावावर?”

“सर त्यांच्या कंपनीत माझ्यासाठी बोलणार होते. नोकरीचं.” त्याने काखेतली बर्फाची पिशवी सरकवली. “दोन दिवस ताप होता, वहिनी. सरांना सांगितलं होतं मी. ते म्हणाले, गोळी घे, पहिले दहा किलोमीटर सावकाश जा.”

क्षिप्राने त्याच्या बहिणीचा नंबर घेतला. बहीण रुचिता पानिपतला हातमागाच्या एका कंपनीत कामाला होती. फोनवर ती “निघते,” म्हणाली.

यतीन आला तेव्हा ऊन वर आलं होतं. शेवटच्या रेषेजवळ संग्रामची वाट बघून थकल्यावर त्याने फोन चालू केला होता आणि क्षिप्राचे मिस्ड कॉल बघून तिला हॉस्पिटल विचारून घेतलं होतं. पळायचे कपडे अंगावर तसेच, स्वच्छ, कोरडे. त्याने क्षिप्राला कोपऱ्यात घेतलं.

“तू कुणाला काही बोललीस का?”

संग्राम कसा आहे, हे त्याने आधी विचारलं नव्हतं.

“मी सांगितलं की हा माझा नवरा नाही,” ती म्हणाली. “तेवढंच मला माहीत होतं.”

मग त्याने सगळं सांगितलं. जुलैत गुडघ्याची गादी फाटली होती. पळणं बंद, डॉक्टरांनी बजावलं होतं. पण टीम त्याने जमवली होती, ऑफिसातल्या सगळ्यांना पहाटे उठायला लावलं होतं, वरच्या साहेबांपुढे आपण किती वेळात पळणार याचे आकडे सांगून झाले होते. आज सांगू, उद्या सांगू करत महिना गेला.

“आणि मला? मला का नाही सांगितलंस?”

“तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, टीमला सांग.”

“मला वाटत होतं, एखादी बाई आहे.”

यतीनच्या चेहऱ्यावर एकदम सुटका झाल्यासारखं हसू आलं. “बाई? छे! वेडी आहेस का?” एवढा आरोप तरी खोटा ठरला म्हणून त्याला बरं वाटत होतं. क्षिप्राला त्या हसण्याचा जितका राग आला, तितका बाई असती तरी आला नसता.

“त्याला ताप होता. तुला माहीत होतं.”

“थोडी कणकण आहे म्हणाला होता, यार. मला काय माहीत—”

“माहीत होतं,” ती म्हणाली.

रुचिता दुपारी पोचली. खांद्यावर बॅग, केस विस्कटलेले. आधी भावाच्या कपाळाला हात लावून बघितला, डॉक्टरांशी बोलली, मग या दोघांकडे वळली. “तुम्ही कोण?”

“आम्ही एकाच रनिंग ग्रुपमध्ये आहोत,” यतीनने सुरुवात केली. “आज सकाळी अचानक—”

“यतीन,” क्षिप्रा म्हणाली.

तो थांबला. जमिनीकडे बघत त्याने खरं सांगितलं, ताप आणि नोकरीसकट. त्याचं संपल्यावर रुचिताने क्षिप्राला विचारलं, “वहिनी, तुम्हाला हे माहीत होतं?”

“नाही.”

रुचिता तिच्याकडे बघत राहिली. तिला ते पटलं की नाही, क्षिप्राला कळलं नाही. “बरं,” रुचिता शेवटी म्हणाली. “आता तुम्ही दोघंही जा.”

संग्राम बरा झाला. हॉस्पिटलातून सुटल्यावर बहीण त्याला पानिपतला घेऊन गेली. यतीनने आयोजकांना आणि ऑफिसात कळवलं. टीमचं नाव निकालातून निघालं आणि पुढच्या शर्यतींना त्याला मनाई झाली. ऑफिसात लोक त्याच्याशी फार सभ्यपणे वागायला लागले, हे त्याला जास्त लागलं. संग्रामच्या नोकरीसाठी त्याने खरंच शब्द टाकला. कंपनीतून संग्रामला फोन गेला तेव्हा त्याने नको म्हणून सांगितलं.

क्षिप्राने गुडघ्याचा एमआरआय मागितला, त्याने दाखवला. गुडघा खरा होता. पण एक गोष्ट तिच्या मनातून जाईना. संग्राम भेटला गणपतीत. टी-शर्ट कोरडे होते श्रावणापासून.

“त्याआधी कुठे जायचास?” एका संध्याकाळी तिने विचारलं.

“कुठेच नाही. अरवलीकडच्या रस्त्याला गाडी लावून बसायचो. घरी लवकर आलो असतो तर तू विचारलं असतंस.”

“एकटा?”

“एकटाच. तुला दाखवू का जागा?”

त्या रविवारी दोघं गाडीने गेले. शहर संपल्यावर रस्ता किकराच्या, बाभळीसारख्या काटेरी झुडपांत शिरला. एका चढावर यतीनने गाडी बाजूला घेतली. “इथे.”

क्षिप्राने खिडकीतून बघितलं. डांबराचा रस्ता, लाल माती, कठड्यावर दोन माकडं. तिथे कुणी बसलं असेल, एकटं किंवा कुणाबरोबर, तरी जागेला काय बोलता येणार होतं?

“पटलं?” यतीनने विचारलं.

ती खाली उतरली. बुटांच्या नाड्या घट्ट केल्या, त्याला गाडीतच थांबायला सांगितलं आणि चढावरून पळायला लागली. हवा गार होती, पाय चांगले पडत होते. पहिल्या वळणाशी तिने मागे बघितलं. गाडी तिथेच होती, काचेआड यतीनही दिसत होता. ती पुढे निघाली, आणि दुसरं वळण यायच्या आत तिने पुन्हा मागे बघितलं.