कापलेल्या इमारती

आमच्या पेपरच्या वकिलाने माझ्या प्रश्नांमधून आठ इमारती कापल्या, आणि त्याही चांगल्या मनाने. हे आधीच सांगून टाकते. तेव्हापासून कुणी "तुझ्या भल्यासाठीच" म्हणालं की माझं डोकं सणकतं.

मी धंद्याच्या बातम्या करते. मालक ज्या गोष्टीची फुशारकी मारतो, तिथेच बोट घालून बघायचं, एवढीच माझी युक्ती. लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या मालकाने पत्रकारांसमोर सांगितलं होतं, "इतर कंपन्यांत तीन मेकॅनिक जेवढ्या लिफ्ट सांभाळतात, तेवढ्या आमचा एक सांभाळतो." सगळ्यांनी ते कौतुकाने छापलं. याच कौतुकावर एक त्याहून मोठी कंपनी ही कंपनी विकत घ्यायला निघाली होती. माणूस एक आणि लिफ्ट तिप्पट, मग हा माणूस काय उडत जातो? असं कुणीच विचारलं नाही.

त्याच आठवड्यात माझी आत्या भाजीच्या पिशवीसकट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली. मी तिच्याचकडे राहते. बाहेर काढल्यावर घाम पुसत म्हणाली, "पेपरवाली तू, पण आत जाऊन आले मी." तिला घरात बसवून मी लिफ्टमध्ये पाहिलं. 'तपासणी झाली' असा स्टिकर, त्यावर ताजी सही. लिफ्टही त्याच कंपनीकडे. मग जिन्याने गच्चीवर गेले. लिफ्टच्या मशीनच्या खोलीला कुलूप होतं आणि कुलपापासून चौकटीपर्यंत कोळ्याने ऐसपैस जाळं विणलेलं होतं. दार न उघडता आत तपासणी करणारा मेकॅनिक मला भेटायलाच हवा होता.

कोळ्यावर विसंबून बातमी छापता येत नाही, म्हणून मीच कोळी झाले. इमारतीमागून इमारत चढले. वॉचमनशी गप्पा मारायच्या, गच्चीवर जायचं, मशीनच्या खोलीच्या दारावर आणि चौकटीवर मिळून एक पातळ कागदाची पट्टी चिकटवायची, तिच्यावर तारीख टाकायची. दार उघडलं तर पट्टी फाटणार. मग खाली लिफ्टमध्ये नवी सही पडली की पुन्हा वर जाऊन बघायचं. सह्या पडत होत्या आणि पट्ट्या जशाच्या तशा. गुडघे बोलायला लागले, पण बातमी पायांनीच करायची असते. टेबलाशी बसून होते ती जाहिरात.

अशीच एका गच्चीवर पट्टी लावत असताना मागून आवाज आला, "ती पट्टी तुमची का?"

तो मेकॅनिक होता. कामावरचे लोक त्याला घुम्या म्हणतात, कारण तो दिवसभरात मोजून चार वाक्यं बोलतो. मला वाटलं, संपलं, आता हा पट्टी ओरबाडून काढणार. तो पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसला आणि म्हणाला, "नीट चिकटवा. वाऱ्याने सुटते."

पुढचे काही आठवडे तो थोडं थोडं बोलला. एकेकाला इतक्या इमारती दिल्यात की सगळीकडे नुसतं चालत जायलाही महिना पुरत नाही. साहेब सांगतात, सही कर आणि पुढे चल. नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी घरी. त्याच्याकडच्या सात इमारतींची दारं त्याने मला स्वतः उघडून दाखवली. झिजलेले ब्रेक, गंजलेल्या तारेच्या दोऱ्या, सगळ्याचे फोटो मी काढले. एका दोरीच्या तुटलेल्या तारांवर बोट टेकवून तो म्हणाला, "ह्यात शाळेतली पोरं चढतात." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की धूळ, मी विचारलं नाही.

त्याची अट एकच होती. "माझं नाव कळता कामा नये. नोकरी गेली तर बघून घेईन. पण आमची माणसं म्हणतील, हा फुटला. ते मला नाही चालणार."

मी म्हणाले, "माझ्याकडून कळणार नाही."

आमच्या धंद्यात एक रीत आहे. कुणाविरुद्ध छापायचं असेल तर आधी त्याला प्रश्न पाठवायचे आणि उत्तराला वेळ द्यायचा. रीत चांगली आहे. पण प्रश्न पाठवताना बघायचं असतं की समोरच्याला आपण काय विचारतोय एवढंच कळलं पाहिजे, कुणी सांगितलं हे कळता कामा नये. म्हणून मी प्रश्नांत पंधरा इमारती घातल्या. सात घुम्याच्या, बाकी आठ इतर तीन मेकॅनिकांच्या भागातल्या, ज्या मी एकटीने हिंडून शोधल्या होत्या. सगळ्या मिसळून टाकल्या. हुडका म्हणावं आता.

प्रश्न संपादकांकडे देऊन मी आत्याला डॉक्टरकडे घेऊन गेले. त्या अडकण्यानंतर तिला लिफ्टची धास्ती बसली होती आणि जिने चढून गुडघे सुजले होते. परत आले तर प्रश्न गेलेले होते. कंपनीला गेलेला मजकूर मी उघडला. इमारती सात.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी दार न ठोठावता संपादकांच्या खोलीत शिरले. वकील तिथेच बसला होता.

"आठ इमारती कुणी काढल्या?"

"मी," वकील शांतपणे म्हणाला. "त्या आठांत तुझ्याकडे नुसत्या कागदाच्या पट्ट्या आहेत. पट्टी कोर्टात उभी राहत नाही. सातांचे आतले फोटो आहेत. पक्कं तेवढंच ठेवलं. तुझ्या भल्यासाठीच."

"अहो, त्या सातही एकाच माणसाकडे आहेत! बाकीच्या आठ त्याला झाकायला होत्या!"

वकिलाचा चेहरा उतरला. संपादक मात्र चष्मा पुसत म्हणाले, "मग तसं लिहून द्यायचं होतंस."

"कशावर लिहून देऊ? अमुक सात आपल्या माणसाच्या आणि तमुक आठ त्याला झाकायला, असा कागद ऑफिसात फिरवू? तुम्हीच शिकवलंत ना मला, असलं काही कागदावर ठेवायचं नाही म्हणून? एक फोन करायला काय झालं होतं?"

"तू दवाखान्यात होतीस."

"दवाखान्यात होते, स्मशानात नव्हते!"

कंपनीचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. इतकं गोड की किळस यावी. 'आपण लक्ष वेधल्याबद्दल आभारी आहोत. सदर सर्व इमारती एकाच कर्मचाऱ्याकडे असल्याचे चौकशीत आढळले. हलगर्जीपणाबद्दल त्याला निलंबित करण्यात आले असून पोलिसांत तक्रार दिली आहे.' मी धावत जाऊन बाकीच्या इमारती बघितल्या. सगळीकडे दारं उघडलेली, कुलपांना तेल घातलेलं आणि माझ्या पट्ट्या चिंध्या होऊन पडलेल्या. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि सुळाला धार लावून दिली आम्ही.

घुम्याच्या घरी गेले तेव्हा दार त्याच्या बायकोने उघडलं. ती लोकांचे कपडे इस्त्री करते. खोलीभर दुसऱ्यांचे शर्ट टांगलेले होते. "या," ती म्हणाली. "अजून काही काढून घ्यायचं राहिलंय का ह्यांच्याकडून?"

मी काय झालं ते सांगितलं. काही लपवलं नाही, वकिलाच्या आड लपले नाही. ती इस्त्री उभी करून माझ्याकडे बघत राहिली. घुम्या शर्टांच्या मागे खाटेवर बसला होता.

"आता एकच वाट आहे," मी म्हणाले. "तुम्हीच आम्हाला सगळं दाखवलंत, हे तुमच्या नावानिशी छापायचं. मग कंपनीला तुमच्यावर ढकलता येणार नाही. पण तुमच्या परवानगीशिवाय मी एक अक्षर लिहिणार नाही."

तो खाटेवरून उठून शर्टांच्या पुढे आला. मग त्याच्या मानाने भाषणच केलं.

"नाव घाला. पण एक ओळ घालायची. की हे माझ्या तोंडातून फुटलं नाही, तुमच्याकडून फुटलं. काल कंपनीच्या गोडाऊनवर गेलो होतो. एकही जण बोलला नाही माझ्याशी. त्यांना वाटतंय, मी कुठेतरी पिऊन बरळलो आणि त्यांचीही नावं देऊन आलो. मी कुणाचं नाव घेतलं का?"

"नाही. मी विचारूनही नाही घेतलंत."

"मग ते छापा."

"छापते," मी म्हणाले.

बायको इस्त्री उचलत पुटपुटली, "आधीचा शब्द काय कमी गुळगुळीत होता."

नावानिशी साक्षीदार मिळाला म्हटल्यावर संपादकांचा चेहरा उजळला. त्यांनी माझी बातमी उभ्या उभ्याच वाचली, दोनदा "वा" म्हणाले आणि शेवटून तिसऱ्या ओळीवर पेन फिरवलं.

"ही नको."

"त्याने फक्त तेवढंच मागितलंय, सर."

"आपणच आपला माणूस उघडा पाडला, असं आपल्याच पेपरात छापू? उद्यापासून कोण येईल तुझ्याकडे काही सांगायला?"

"कुणी येऊ नये असंच वागलोय आपण."

"भावनेच्या भरात बोलू नकोस. बातमी महत्त्वाची आहे. हवं तर बातमी मागे घे. मग तो राहील गुन्हेगार." चष्म्यावरून बघत त्यांनी पुढचं हळू आवाजात सांगितलं. "आणि हे बाहेर कुठे बोललीस, तर परत इथे यायचं कारण नाही."

ह्या माणसाने मला ह्या धंद्यातलं सगळं शिकवलं. कुठे दाबलं की माणूस निमूट होतो हेही त्यांना ठाऊक होतं, आणि ते आज त्यांनी माझ्यावर वापरलं. बातमी मागे घेतली तर घुम्या चोर ठरणार होता. मला त्यांच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट भिंतीवर फेकावासा वाटला. मी तो उचललाही. परत ठेवला आणि बाहेर आले.

बातमी पहिल्या पानावर आली. कंपनी विकण्याचा सौदा थांबला, पोलिसांनी तक्रार बाजूला ठेवली, कंपनीचा मालक कानांवर हात ठेवत टीव्हीवर फिरला. ऑफिसात लोक टाळ्या देत होते. संपादकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि मी ती थोपटू दिली, म्हणून मला त्यांच्याहून स्वतःचाच जास्त राग आला. दुपारी घुम्याचा फोन आला.

"वाचलं," तो म्हणाला. "ती ओळ नाही." आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मी आत्याच्या स्वयंपाकघरात भांडी घासत होते. घासत कसली, आपटत होते. आत्या दारात खुर्ची टाकून बसली.

"वड्याचं तेल वांग्यावर काढू नकोस गं. त्या पातेल्याने तुझं काय केलंय?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"पेपरात नाही छापलं म्हणतेस. बरं. तुला तोंड आहे ना? एरवी तर चांगलं चालतं."

"नोकरी जाईल, आत्या."

"जाईल," आत्या म्हणाली. नाही जाणार असं तिने खोटं सांगितलं नाही.

सकाळी मी कंपनीच्या गोडाऊनवर गेले. कामावर निघण्याआधी सगळे मेकॅनिक समोरच्या टपरीवर चहाला थांबतात. वीस-पंचवीसजण होते, बाकांवर, सायकलींवर, उकिडवे. घुम्याही होता, किल्ल्या आणि गणवेश परत करायला आलेला. गणवेशाची घडी काखेत धरून तो टपरीपासून लांब, गेटपाशी एकटा उभा होता. इकडचा एकही माणूस त्याच्याकडे बघत नव्हता.

मी मध्ये जाऊन उभी राहिले आणि कोण ते सांगितलं. गलका झाला. कुणीतरी म्हणालं, "घ्या, आल्या! आता कुणाचा नंबर?"

"ऐका," मी म्हणाले. आवाज फाटला, पण निघाला. "ह्यांचं नाव ह्यांच्यामुळे नाही फुटलं. आमच्या पेपरामुळे फुटलं. आम्ही कंपनीला प्रश्न पाठवले, त्यात फक्त ह्यांच्याच इमारती राहिल्या. चूक आमची. तुमच्यापैकी कुणाचंही नाव ह्यांनी दिलेलं नाही. मी मागितलं होतं, तरी दिलं नाही."

"मग आमच्या इमारतींवर तुमच्या कागदाच्या पट्ट्या कशा?" एका तरुणाने विचारलं.

"मी स्वतः चढून लावल्या. वॉचमनला विचारा."

मग ते तुटून पडले. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातलं बरंचसं खरं होतं. एरवी एकाचं उत्तर दोनाने देणारी मी, ते सगळं ऐकून घेतलं. त्यांच्यातला सगळ्यांत वयस्कर, ज्याला सगळे दादा म्हणत होते, त्याने हात वर केला तेव्हा ते थांबले.

"बाई," दादा म्हणाला, "आमच्यातला एक लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरतो, तेव्हा दुसरा वर स्विचपाशी उभा राहतो. वरच्याने चुकून बटण दाबलं तर खालचा चिरडला जातो. वरचा मग चुकून दाबलं म्हणाला काय आणि मुद्दाम म्हणाला काय. कळलं?"

"कळलं."

"मग आता जा. आणि परत इकडे येऊ नका. आमच्यातलं कुणी तुमच्याशी बोलणार नाही."

मी वळले. माझ्या मागे दादाचा आवाज चढला, "ए घुम्या! तिकडे काय खांबासारखा उभा राहिलास? सरका रे, त्याला बसू द्या."

बाक सरकल्याचा आवाज आला. घुम्या माझ्या अगदी शेजारून त्यांच्याकडे गेला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. बघावं असं मला वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

रस्त्याच्या वळणावर फोन वाजला. संपादक होते, खुशीत होते. "अगं, आजही काहीतरी हवं ह्या विषयावर. काय देतेस?"

"सर," मी म्हणाले, "तुम्ही कापलेली ओळ मी आत्ता गोडाऊनसमोर सगळ्यांना मोठ्याने सांगितली. माझ्या टेबलाच्या खणाची किल्ली कुणाकडे देऊ?"