थंड पाण्यातले शिंपले

शामकलेनं पत्र्याची पेटी दोन्ही हातांनी ओढत ओसरीवर आणली आणि कडी काढली. आत कपडे नव्हते. चिंध्यांत गुंडाळलेले गोटे होते.

“वहिनी, मी उचलली असती,” घनश्याम म्हणाला.

तो गोंदियाहून छोट्या गाडीनं अर्जुनीला उतरला होता आणि तिथून गावापर्यंत पायी आला होता. शामकलेचा नवरा दुधराम आणि तो दगडांचा शोध घेणाऱ्या एकाच सरकारी तुकडीत होते. मनेंद्रगडच्या रानात दोघांचा एकच तंबू होता. पूस महिन्यात, ऐन थंडीत, दुधराम तिथल्या नदीच्या डोहात बुडाला. अग्नी तिकडेच दिला गेला. त्याचा बाप बकाराम जाऊन अस्थी आणि ही पेटी घेऊन आला. आता फागुन लागला होता, आणि दुधरामनं गोळा केलेले नमुने घेऊन यायला साहेबानं घनश्यामला पाठवलं होतं.

“घेऊन जा,” शामकला म्हणाली. “आमाले काय करायचे हायेत?”

दुधरामची बायको रडलीच नाही, असं गावात बोलत. ते खरं होतं. बकाराम अस्थींचं गाठोडं घेऊन दारात उभा राहिला तेव्हा ती अंगण सारवत होती. तिनं हात धुतले, सासऱ्याला पाणी दिलं आणि मग उरलेला कोपरा सारवून पुरा केला. त्यानंतर धान कुटलं, शेतातली लाखोरीची डाळ उपटून अंगणात वाळत घातली. कोणी बोललं तर उत्तर द्यायची. आपणहून मात्र तिनं कोणाला काही विचारलं नव्हतं.

घनश्याम चिंध्या सोडून पाहू लागला. करड्या दगडात शिंपले रुतले होते. बोटाच्या पेराएवढे, जाड. काहींची दोन्ही पाखं अजून मिटलेली.

“ते म्हणत होते, हे समुद्रातले होत म्हणून,” शामकला म्हणाली. “मले वाटलं, मजाक करून राहिले. आपल्याकडे कोठचा समुद्र?”

“होता, वहिनी. माणसाचा पत्ता नव्हता तेव्हाचा. आणि असातसा नाही, बर्फाचा. आपली ही सगळी जमीन तेव्हा पार खाली होती, दक्षिण ध्रुवापाशी, असं काही मोठे लोक म्हणतात. बर्फ वितळून समुद्रात यायचा आणि हे त्याच पाण्यात जगायचे. दुधरामभाऊ तर दिवाना होता यांचा. जेवायला हाक मारली तरी उठायचा नाही.”

बोलताना त्याचा चेहरा जरा उजळला होता. शामकलेनं एक गोटा तळहातावर घेतला.

“पानी थंडा होता का जी?”

“एकदम. बर्फच समजा.”

“तो नाई. नदीचा. त्या दिवशी.”

अंगणात कोंबडी लाखोरीत शिरली होती. तिला कोणी हाकललं नाही.

“नाही,” घनश्याम म्हणाला. “ऊन पडलं होतं. कोमट होतं पाणी.”

“पूस महिन्यात?”

तिच्या आवाजात राग नव्हता. घनश्याम हातातला गोटा पुन्हा गुंडाळू लागला. गाठ बसेना. त्यानं तो तसाच खाली ठेवला.

“थंड होतं,” तो म्हणाला. “फार थंड. सकाळची वेळ. ओल्या दगडावरून त्याचा पाय सरकला. मी मागोमाग उडी टाकली. त्याचा हात सापडला मला. धरला होता मी, वहिनी. पण माझी बोटंच मेली. हातात हात आहे का नाही, समजेना. वर येऊन पाहतो तर काही नाही. पुन्हा गेलो. मग लोकांनी मलाच ओढून काढलं.”

“तुमी पान्यात होते?”

“हो.”

“मामाजीले तर इतलंच सांगतलं, का पाय सरकला न् गेले.”

“काका आले तेव्हा मी समोर गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाऊ?”

शामकलेनं हातातल्या गोट्यावरून अंगठा फिरवला.

“मंग ते एकटे नवते,” ती म्हणाली.

तिनं गोटे आपल्याकडे ओढले. एकेक चिंधीत नीट बांधला, गाठ घट्ट मारली आणि त्याच्या थैलीत भरला. हातातलाही ठेवला.

“एखादा राहू द्या तुमच्याकडे,” घनश्याम म्हणाला. “साहेबाला मी सांगतो.”

“कायले? त्याईनं कामासाठी जमा केले होते. कामाले लागू द्या.”

तेवढ्यात बकाराम बैल घेऊन वाडीतून आला. परका माणूस पाहून दारातच थांबला. शामकला पदर सावरून अंगणात उतरली.

“मामाजी, हे त्याइच्या संगं पान्यात होते. हात धरून होते त्याइचा.”

बकारामनं घनश्यामकडे पाहिलं. मग त्याच्या हातांकडे. कासरा त्याच्या मुठीतून कधी सुटला, त्याला कळलं नाही. बैल आपणच पाण्याच्या डोणीकडे गेले.

“बस, बाबू,” म्हातारा म्हणाला आणि स्वतःही ओसरीच्या काठावर बसला. “जेवून जाजो.”

शामकला आत गेली. चूल फुंकण्याचा आवाज येऊ लागला. थोड्या वेळानं तो थांबला. दारातून नुसता धूर येत राहिला, दाट, डोळ्यांना झोंबणारा. ओसरीवरच्या दोघांपैकी कोणीच आत वळून पाहिलं नाही.