सकाळचा एक दाब

मी एक जुनी रबरी पिशवी आहे. ज्याचा श्वास अडतो, त्याच्या घशातल्या नळीला मला जोडतात आणि हातानं दाबत राहतात. दाब, सोड. दाब, सोड. माझं सारं गाणं एवढंच.

मित्रांनो, कारखान्यातून मी अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातल्या एका लहान इस्पितळात आले. अतिदक्षता विभागात एका खाटेच्या उशाशी मला टांगलं. पुढे नवं श्वासयंत्र आलं आणि मी मागे पडले. अंगावर धूळ बसू लागली. माझी झडप चिकटली तर? ऐन वेळी मी दबलेच नाही तर? या धास्तीनं मी जागच्या जागी सुकत चालले.

मग लोरेटा स्टिडम आली. ती आधी नर्स होती. आणखी शिकून आता रोगी तपासायची, औषधं ठरवायची, डॉक्टर व्हेलनच्या जोडीनं विभाग सांभाळायची. शिकाऊ डॉक्टर येत नि जात; ती राही. रोज सकाळी ती मला खाली काढून एकदा दाबून पाही.

“काय गं, गाईची धार काढतेस का?” श्वासयंत्र सांभाळणारा ड्वेन चिडवी.

“तुझ्या विनोदांपेक्षा हिच्यात दम जास्त आहे!”

एका दुपारी त्या खाटेवर श्वासयंत्राला जोडलेला व्हर्जिल होता. खाणीतला म्हातारा, छातीत कोळशाची धूळ. बायको ओपल त्याचे पाय चोळत होती. एकाएकी यंत्र किंचाळलं. व्हर्जिलचे ओठ निळे पडले. लोरेटानं यंत्र सोडवलं, मला जोडलं, दाबलं.

मी दबेना. जणू दगड झाले! जिची धास्ती घेतली, तीच घडी आली होती.

“पिशवी बिघडली वाटतं. दुसरी आणू?” ड्वेन ओरडला.

लोरेटाची बोटं क्षणभर थबकली. दुसरी शोधण्यात म्हातारा गेला असता.

“नाही. सकाळीच दाबून पाहिलीय. दोष हिच्यात नाही, त्याच्या छातीत आहे.” तिनं छातीला कान लावला. “डावीकडे श्वासच नाही. फुफ्फुसाभोवती हवा कोंडलीय. ड्वेन, तू दाबत राहा. सुई द्या!”

डॉक्टर व्हेलन खाली शस्त्रक्रियेत अडकले होते. फोनवर म्हणाले, “माझी वाट पाहू नकोस, लोरेटा. कर तू.”

“पोरी, मला भीती वाटते गं,” ओपल पुटपुटली.

“मलाही वाटते, आजी.”

सुई बरगड्यांमधून आत गेली. फुस्स! कोंडलेली हवा सुटली. आणि ड्वेनच्या मुठीत मी हळूच दबले. दाब, सोड. दाब, सोड. ओठांवर हळूहळू लाली चढली.

मग लोरेटा खुर्चीत बसली. ओपलनं तिचे हात आपल्या हातांत घेतले.

मित्रांनो, भिंतीवर मुकाट टांगलेल्यांना रोज एकदा हात लावत जा. मी अजून भिते. रात्रभर भिते. सकाळी तिची पावलं वाजतात, तिची बोटं मला दाबतात, आणि कोंडलेली भीती फुस्सकन निघून जाते.