बोल लागलेली सुपली

मी एक जुनी सुपली आहे, मित्रांनो. वयाने फार नाही, पण माझ्या अंगाला एक लांब चीर गेली आहे, आणि चिरलेल्या सुपलीला कोणी नवी म्हणत नाही. महाडजवळच्या तुडील गावी एका घराच्या पडवीत मी खुंटीला टांगलेली असते. येणारे-जाणारे माझ्याकडे बघतात, कुजबुजतात आणि पुढे जातात. खरं काय घडलं ते मला विचारतो कोण? म्हणून आज तुम्हालाच धरून बसवते. बसा, लगेच उठू नका!

माझा जन्म महाडच्या बाजारातला. शकू नावाची बाई तिथे बांबूच्या टोपल्या, सुपं, सुपल्या विणायची. तिचा हात हलका आणि जीभ तिखट. एकेक कामटी सोलताना गिऱ्हाइकांना शिव्या घालायची, पण विणकामात कधी कुचराई केली नाही. भादव्यात गौरी आल्या आणि तुडीलच्या तुळजाबाईंनी आम्हा बहिणींची चळतच्या चळत उचलली. त्यांच्या घरी नवी सून आली होती. आमच्या भागात नव्या सुनेने पहिल्या वर्षी गौरीपुढे ओवसा भरायचा असतो. सुपल्यांत फळं, पानं, सुपाऱ्या मांडायच्या आणि गौरीला ओवाळायचं. ओवसा झाला, बाकीच्या बहिणी वाण म्हणून आत्या-मावश्यांकडे गेल्या. मी सुनेकडे राहिले. तिचं नाव अनुपमा.

अनुपमा महाडच्या पेठेत वाढलेली. तिला लहानपणापासून जादूचा नाद. पण काळा कोट, टोपी, ससा, धूर, कर्णे यांचा तिला मनापासून कंटाळा. "लांबून बघायची ती जादू कसली?" असं ती नवऱ्याला, विनीतला म्हणायची. "ज्याला दाखवायची, त्याच्याच हातात ती घडली पाहिजे."

तांदूळ पाखडताना तिला मी सापडले. म्हणजे मी होतेच, पण तेव्हा तिने मला नीट पाहिलं. काही दिवस ती माझ्याशी खुटखुट करत बसली. काय केलं ते आत्ता सांगत नाही, पुढे कळेलच. मग तिचा खेळ तयार झाला. माणसं अंगणात गोल बसायची, वीसेक, त्याहून जास्त नकोत. वालाच्या एका दाण्यावर कोणीतरी शाईचा ठिपका द्यायचा, तो मूठभर वालात मिसळायचा आणि मला सगळ्यांच्या हातांतून फिरवायचं. शेवटी ठिपक्याचा दाणा भलत्याच माणसाच्या बंद मुठीत निघायचा. सगळ्यात शेवटी ओंजळभर तांदूळ. एखाद्या बाईने तो स्वतःच्या हाताने पाखडायचा. चार झोके दिले की सुपली रिकामी! अनुपमा तो तांदूळ परत आणायची नाही. "परत आणणारे पुष्कळ आहेत. गेला तो गेला, हाच माझा खेळ," असं म्हणायची.

खेळ झकास होता हो. पण पिकतं तिथे विकत नाही! महाडात वाढदिवसांचा हॉल चालवणाऱ्याने विचारलं, "मॅडम, ससा हाय का? कबूतर तरी?"

"नाही."

"मग टोपीतून काढणार काय?"

"टोपीच नाही."

त्याने बिचाऱ्याने चहा पाजला आणि वाटेला लावलं. एका शाळेतले सर म्हणाले, "पाचशे मुलं आहेत. मागच्यांना काय दिसणार?" अनुपमा म्हणाली, "वीस-वीस जणांना बसवा." सर म्हणाले, "मग माझं वर्ष त्यातच जाईल." मंडळवाल्यांना स्टेज हवं, माइक हवा, नाच हवा. विनीत मिनीडोर, म्हणजे सहा आसनी रिक्षा, चालवायचा. त्याने गाडीच्या मागे लिहून घेतलं, 'घरगुती जादूचे प्रयोग', आणि खाली फोन नंबर. फोन आले, नाही असं नाही. पहिल्याच बाईने विचारलं, "नवरा वश करून मिळंल का?" विनीत हसून हसून लोळला. अनुपमाला हसू आलं नाही, आणि खरं सांगते, मलाही नाही. त्या रात्री ती जेवली नाही. आपल्या खेळाला या जगात जागाच नाही असं तिला वाटायला लागलं होतं.

शेवटी प्रेक्षक मिळाले ते सव गावाला, गरम पाण्याच्या झऱ्यांवर. विनीत तिकडे भाडी न्यायचा. गुडघे धरलेली माणसं तिथे पाय शेकत बसलेली असतात. थोडीच असतात, निवांत असतात आणि दुखणं सोडून दुसरं काही बघायला मिळालं तर त्यांना हवंच असतं. अनुपमाने मला मधोमध ठेवलं आणि खेळ सुरू केला. अहो, काय ती माणसं हसली! गुडघे विसरून टाळ्या वाजवल्या. जात्यातले रडतात, सुपातले हसतात म्हणतात ना, तसे माझे ते हसण्याचे दिवस. रविवारी रविवारी आम्ही जायला लागलो.

तिथेच एकदा राजू भेटला. पोलादपूरच्या वर डोंगरात त्याची वाडी. तो स्वतः बायको सेजलसह मुंबईला नोकरीला, आई धोंडूबाई गावी म्हशी राखायची आणि शेती करायची. आईला पाय शेकायला घेऊन आला होता. खेळ बघून राजू खूश झाला. "वहिनी, आमच्या घरी पूजा हाय. वाडीवाल्यांना एक नंबर आयटम होईल," म्हणाला आणि त्याने खरोखरची सुपारी काढून अनुपमाच्या हातावर ठेवली. कार्यक्रम ठरवला की सुपारी द्यायची, ही आपली रीत. परत येताना मिनीडोरमध्ये अनुपमा ती सुपारी मुठीत घट्ट धरून बसली होती. पहिलं बोलावणं होतं ते तिचं.

पूजेच्या दिवशी वाडीवर चांगला रंग भरला. वालाचा खेळ झाला, माणसं खुळी झाली. मग शेवटच्या खेळासाठी अनुपमाने तांदूळ मागितला. सवला ती आपल्या घरचा तांदूळ न्यायची. इथे तिला वाटलं, घरच्या मालकिणीचाच घेतला तर रंगत वाढेल. धोंडूबाईंनी कणगीतला नवा लाल तांदूळ ओंजळभर आणून माझ्यात ओतला. स्वतः पाखडला. चार झोके, आणि मी रिकामी!

टाळी वाजली नाही. मित्रांनो, आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. सुपली तर नाहीच नाही, निदान चार दाणे ठेवून देतात. त्यात पूजेचा दिवस, आणि वर्षाचं नवं धान्य. पेठेतल्या पोरीला हे कुठलं ठाऊक? मला ठाऊक होतं, पण मला तोंड नाही.

"माझा तांदूळ कुठं गेला गो?" धोंडूबाईंनी विचारलं.

"गेला तो गेला, आजी!" अनुपमा हसून म्हणाली. तिला वाटलं, म्हातारी खेळात रंगली आहे.

पंधरवड्याने राजूचा फोन आला. धोंडूबाईंच्या कणगीतला तांदूळ उतरला होता. खायला काढला त्याहून कितीतरी जास्त. "आई बोलते, तुमच्या सुपलीनं वढून न्हेला," राजू अडखळत म्हणाला. झालं! राईचा पर्वत व्हायला कितीसा वेळ लागतो? वाडीवरून पोलादपूर, पोलादपूरवरून महाड. ठरलेली दोन बोलावणी फोनवरच मोडली. सवला ती दिसली की बायका पाण्यातून पाय ओढून घ्यायला लागल्या. आणि मग तुडीलमध्येच, अनुपमा वाटेने निघाली की उन्हात वाळवणाला घातलेल्या धान्यावर चटया पडायला लागल्या. कोणी तोंडाने काही म्हणत नव्हतं. चटई पडायची फक्त. एका शेजारणीने आपल्या मुलाला तिच्या हातचा लाडू थुंकायला लावला, तेव्हा अनुपमा न्हाणीघरात जाऊन रडली.

तुळजाबाईंनी मला आधीच उचलून गोठ्यात टांगलं होतं. त्यांना खेळ कधीच पसंत नव्हता. मला वाटलं, आता सुनेला घालून-पाडून बोलणार. पण बाई सुनेशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "चल, पोलादपूरला जाऊ. त्या बायला दाखव, तांदूळ कुठं गेला तो."

"आई, ते दाखवलं तर खेळ संपला. माझ्याकडे दुसरं काही नाही."

"सुपली नवी मिळंल गो. नाव नवं नाय मिळायचा."

 अनुपमाने उठून मला गोठ्यातून काढलं.

वाडीवर गावकी बसलेली होती, म्हणजे सगळी कर्ती माणसं जमली होती. राजूही मुंबईहून आला होता. धोंडूबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, आत या म्हणाल्या नाहीत. अनुपमाने नमस्कार केला आणि घरातला विळा मागितला.  मला पालथं धरलं, आणि माझ्या पाठीत विळ्याचं पातं घातलं.

दुखलं हो. कसं दुखलं नाही म्हणू? पण आता सांगते ते गुपित: तिने मला आतून दुसरा पदर विणला होता. पाखडताना तांदूळ एका फटीतून त्या दोन पदरांमध्ये जाऊन बसायचा. वाडीवर टाळी वाजली नाही म्हणून त्या दिवशी ती हिरमुसून निघाली, तांदूळ काढायचा राहिला, आणि नंतर मला खेळासाठी कोणी हातही लावला नव्हता. ओंजळभर लाल तांदूळ अंगणात सांडला. त्यात किडे झाले होते, पण धोंडूबाईंनी आपल्या शेतातला दाणा ओळखला. खाली बसून त्यांनी तो हातात घेतला.

"हा तर माझाच," त्या म्हणाल्या. मग मान वर केली. "पन हा ओंजळभर. कणगीतला पोतंभर गेला, तो कुठं हाय?"

 राजू जमिनीकडे बघत होता.

"आये," तो हळूच म्हणाला, "तो मी न्हेला. मुंबईला. सेजल बोलली, गावचा तांदूळ पायजे. तू म्हशी घेऊन रानात गेलेलीस."

"मग इतकं दिस बोलला का नाय रं?"

"तुला न इचारता न्हेला, म्हणून लाज वाटली. आनि सगळी वहिनींचंच नाव घेत व्हती. मला वाटला, जाऊ दे."

वाडी हसली. खरंच, पोट धरून हसली! राजूच्या पाठीवर थापा पडल्या. बायकोचा बैल म्हणून चेष्टा झाली. हसली नाही ती अनुपमा. ती माझ्या चिरलेल्या पाठीवरून हात फिरवत होती.

धोंडूबाईही हसल्या नाहीत. "माझी जीभ जळो," म्हणाल्या. आत गेल्या, कणगीतला चांगला तांदूळ आणला आणि अनुपमाची ओटी भरली. तुळजाबाईंनी पदराने डोळे पुसले. आम्ही खाली उतरलो.

तेव्हापासून धान्यावर चटया पडत नाहीत. पण बोलावणंही येत नाही. सवला ती पुन्हा गेली होती, नव्या खेळाची जुळवाजुळव करून. पाण्यात पाय सोडलेल्या एका माणसाने हात झटकला. "ठावं हाय गो आमाला, आत पदर हाय." ती उठून आली. हल्ली ती संध्याकाळी पडवीत वालाचे दाणे घेऊन एकटीच बसते आणि कोणी आलं की ते डब्यात टाकते. तिला पुन्हा वीस माणसं मिळतील का? मला ठाऊक नाही. मला काळजी वाटते.

म्हणून मित्रांनो, एक मागते. कोणी वेगळा खेळ घेऊन तुमच्या दारात आलं, तर गोल करून बसा, हात पुढे करा. मनात शंका आली तर तोंडावर विचारा. आणि एखाद्या बाईवर आळ येत असेल आणि खरं काय ते तुम्हाला माहीत असेल, तर लाजू नका, तिथल्या तिथे बोला. राजू खरं बोलला हो. पण मी चिरल्यावर बोलला.