शून्याची कुपी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची कुपी आहे. बोटाएवढी उंची, तोंडाचा एक टवका उडालेला आणि अंगावर कोरलेलं शून्य. सध्या माझ्या पोटात टाचण्या भरल्या आहेत. टाचण्या ठेवायला शून्य कोरलेली कुपी लागत नाही, हे तुम्हालाही कळतं. माझं काम वेगळं होतं आणि ते मी चोख करत होते.

माझा जन्म भट्टीतला. एका साच्यातून शेकड्यांनी बाहेर पडणाऱ्यांचं बालपण ते काय असणार! पुठ्ठ्याच्या खोक्यातून मी एका प्रयोगशाळेत आले. तिथे समुद्रातल्या शेवाळाचा अर्क काढत आणि तो किती विषारी आहे हे खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीच्या पिल्लांवर पाहत. या कोळंबीची अंडी चहाच्या भुकटीसारखी दिसतात. ती खाऱ्या पाण्यात टाकून हवा आणि उजेड दिला की दीडेक दिवसात पिल्लं बाहेर पडतात आणि वेड्यासारखी उजेडाकडे धावतात. तिथेच त्यांना नळीने ओढून घेत आणि प्रत्येक कुपीत दहा-दहा सोडत. दुसऱ्या दिवशी भिंगातून मोजणी व्हायची. दहा सेकंद हललं नाही ते पिल्लू मेलेलं समजायचं. जो अर्क जास्त मारेल त्यातून पुढे औषध शोधायचं, अशी सगळ्यांची आशा होती.

आम्ही ओळीत सहा जणी असायचो. पाच जणींत अर्क, कमीपासून जास्तीपर्यंत. माझ्यात नुसतं खारं पाणी. माझ्यात कोणी मरू नये, एवढंच माझं काम. मेलंच, तर दोष अर्काचा नाही, दुसरंच काहीतरी बिघडलंय असं समजायचं. म्हणून तर अंगावर शून्य होतं. ते काकांनी कोरलं होतं.

काका म्हणजे आमच्या कुप्या धुणारे. अकरा वर्षं त्यांनी आम्हाला डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. साबणाने एकदा, मग साध्या पाण्याने सात वेळा. शेवटी प्रत्येकीला खिडकीशी धरून बघायचे. काचेवरून पाणी सरळ सरकलं तर स्वच्छ, थेंब थेंब अडकले तर पुन्हा सात वेळा. त्यांचे हात कायम सुरकुतलेले असत. त्या हातांत मला कधी भीती वाटली नाही.

एक दिवस प्रयोगशाळेचे मोठे सर पाण्याच्या नळापाशी थांबले. "सात वेळा? काय आंघोळ घालताय का त्यांना?" ते हसत म्हणाले. "एकदा विसळा, पुरे. कामं खोळंबतात तुमच्या सोवळ्यापायी."

"सर, साबण राहतो हो," काका म्हणाले.

"सांगितलं तेवढं करा."

काकांनी सांगितलं तेवढं केलं. माझ्या तळाशी साबणाचा पातळ थर राहिला, तो मला जाणवत होता. पण काचेला तोंड असून बोलता येत नाही.

त्याच आठवड्यात ताईचा प्रयोग होता. ताई म्हणजे सरांच्या हाताखाली शिकणारी मुलगी. हुशार, कष्टाळू, आणि काकांना सख्ख्या काकांसारखा मान देणारी. तिने दुसऱ्या दिवशी भिंग लावलं. अर्काच्या पाचही कुप्यांत नऊ-दहा पिल्लं मेलेली, अगदी सगळ्यात पातळ अर्कातही. ती आनंदाने मोहरली. मग तिने मला उचललं. माझ्यात सात मेली होती. उरलेली तीन तळाशी कशीबशी पाय हलवत होती.

"काका, शून्यातली मेलीत," ती हळूच म्हणाली.

काकांनी मला खिडकीशी धरलं. "साबण आहे, ताई. अर्काने नाही मेली ही. मी सगळ्या पुन्हा धुतो, सात वेळा. उद्या नव्याने करा."

पण सर मागेच उभे होते. "उद्या शोधनिबंध पाठवायचा शेवटचा दिवस आहे," ते म्हणाले. "एका कुपीसाठी सहा महिने पाण्यात घालवायचे का? शून्याच्या कुपीत शून्यच लिहायचं असतं."

ताईचा पेन वहीवर थांबला. मी मनातल्या मनात ओरडत होते, सात लिही, बाई, सात लिही! तिने शून्य लिहिलं.

पुढे व्हायचं तेच झालं. निबंध गाजला, सरांच्या गळ्यात हार पडले, ताईला पदवी मिळाली. आम्हा कुप्यांचे फोटोसुद्धा काढले, त्यात मी पुढे होते. इतकी लाज मला टवका उडाला तेव्हाही वाटली नव्हती.

वर्षभराने दूरच्या दुसऱ्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. त्याच शेवाळाचा अर्क त्यांनी तपासला होता आणि त्यांची पिल्लं मजेत पोहत होती. चौकशी बसली. सरांनी हात झटकले. "काही कुप्या नीट धुतल्या गेल्या नसाव्यात," ते म्हणाले, "धुणाऱ्याचा हलगर्जीपणा, दुसरं काय!"

काका चौकशीच्या टेबलाशी उभे होते. ते सरांकडे वळलेच नाहीत, ताईकडे वळले. "ताई, मी त्याच दिवशी सांगितलं होतं ना? शून्यात किती मेली होती, सांगा की यांना."

ताईने वहीतलं ते पान उघडलं. मग म्हणाली, "वहीत शून्य आहे, काका."

काकांनी मान हलवली. त्याच संध्याकाळी त्यांचा डबा आणि टॉवेल घेऊन ते निघाले. जाताना त्यांनी मला धुऊन ठेवलं, सात वेळा, आणि खिडकीशी धरून पाहिलं. ते शेवटचं.

आता ताई स्वतः मुलांना शिकवणारी बाई झाली आहे. मी तिच्याच टेबलावर असते. टाचणी काढताना तिचं बोट माझ्यावरच्या शून्यावरून फिरतं आणि ती पटकन हात मागे घेते. मला तिची कीव येते, पण क्षमा करावीशी वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्याही हाती कधी वही येईल. काचेची भांडी नीट विसळा, विसळणाऱ्याचं ऐका, आणि भिंगात जे दिसेल तेच लिहा. वेळ नाही म्हणून आकडा बदलू नका, कोणी मोठ्याने दरडावलं म्हणून तर मुळीच नाही. माझ्या अंगावर शून्य आहे, ताईच्या वहीतही शून्यच आहे. पण त्या दिवशी माझ्यात सात मेली होती.