विमानाच्या पोटावरचा फ्लेक्स

खर्ड्याच्या कानिफनाथने शेडमध्ये विमान बनवलं, आणि ते उडेना म्हणून गाव त्याच्यावर हसायचं. दुसऱ्याच्या फजितीवर हसायला गावाला कधी सवड नसते? विमानाचं दुखणं एकच होतं, इंजिन तापायचं. भंगारातून मिळालेलं जुन्या मोटारीचं इंजिन, नुसत्या वाऱ्यावर थंड होणारं. पण नाकातून आत शिरलेला वारा सिलिंडरांना बगल देऊन भलतीकडेच पळायचा.

अख्खा उन्हाळा कानिफनाथ त्या वाऱ्यामागे लागला. पत्रे वाकवून त्याने वाऱ्याला सिलिंडरांवरूनच जायला लावलं, फटी रबराने बुजवल्या. तरी भागेना. मग उशिरा का होईना डोक्यात उजेड पडला. आत आलेला वारा बाहेर पडणार कुठून? त्याने इंजिनामागे, विमानाच्या पोटाला मोठी खिडकी कापली. इंजिन गार राहिलं. त्या दिवशी बायको लंकाबाईच्या हातची भाकरी त्याला कितीतरी दिवसांनी गोड लागली.

विमान पळवायचं ते थोरल्या भावाच्या, अंगदच्या रानात. म्हणून पहिल्या उड्डाणाचा समारंभही त्याचाच. त्याला निवडणुकीचं तिकीट हवं होतं, आणि ते पक्षाच्या साहेबांच्या हातात होतं. खालून लोकांना दिसावा म्हणून त्याने समारंभाच्या सकाळीच साहेबांच्या फोटोचा भलामोठा फ्लेक्स विमानाच्या पोटाला चिकटवला.

कानिफनाथ विमानाखाली वाकला. "दादा, वाऱ्याची वाट बुजली. हितं भोक पाडू दे."

त्याचं बोट नेमकं साहेबांच्या तोंडावर टेकलं होतं.

"येडा हायेस का? साहेब सोत्ता येत्यात, आन् तू त्यांच्या तोंडाला भोक पाडतो?"

"मग काढून तरी टाक. इंजिन जाईल. दुसरं न्हाई मिळायचं मला."

"थोड्या येळानं काय हुत न्हाई. रान माजं हाय, ध्यानात ठेव."

ब्लेड कानिफनाथच्या खिशात होतं. ते खिशातच राहिलं.

साहेब आले, शाल-नारळ झालं. विमान धावलं, आणि खरंच हातभर वर उचललं गेलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. तेवढ्यात जळका वास आला, इंजिन किंचाळलं आणि जाम झालं. विमान नाकावर आदळलं, पंख्याचे तुकडे झाले. कानिफनाथ खरचटून बाहेर आला, तेव्हा साहेब पुढच्या लग्नाला निघाले होते आणि अंगद चारचौघांत सांगत होता, "इंजिनच भंगारातलं, त्याला काय करनार!" कानिफनाथला त्याचा गळा धरावासा वाटला. धरला नाही.

महिन्याभरात साहेबांनी तिकीट दुसऱ्यालाच दिलं.

शेडचा पत्रा गळत होता. तोच फ्लेक्स घेऊन अंगद आपणहून आला. "इंजिनावर टाक. जाड हाय, वाया कशाला घालवायचा?"

दोघांनी तो पसरला, पण पंख्याचा उरलेला दांडा मध्ये यायला लागला.

"पाड की भोक," अंगद म्हणाला.

"कुठं?"

अंगदने स्वतःच बोट ठेवलं, साहेबांच्या तोंडावर. कानिफनाथ त्या बोटाकडे बघत राहिला.

"बघतो काय? काप," अंगद म्हणाला, आणि त्याला नीट कापता यावं म्हणून त्याने फ्लेक्स दोन्ही हातांनी ताणून धरला.