रेघेच्या वर गेलेलं कूलंट

शनिवारी ती बाळाला मागच्या सीटवर बांधून, एकटीच, चार तास गाडी चालवत आईकडे जाणार होती. नवरा कामासाठी बाहेरगावी होता आणि फोनवर "जाशील गं, त्यात काय एवढं" इतकंच म्हणत होता. त्यात काय एवढं, याची तिच्याकडे यादी होती. सगळ्यात वर इंजिनाचं कूलंट. वाटेतल्या लांबलचक चढावर गाडी तापून बंद पडलीय आणि आत दहा महिन्यांचं बाळ, हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

म्हणून जायचं ठरल्यापासून, म्हणजे गेले तीन आठवडे, ती रोज सकाळी इंजिन थंड असताना बॉनेट उघडून बघायची. प्लास्टिकच्या टाकीवर दोन खुणा, हिरवं कूलंट त्यांच्या मधोमध. तरी मन मानेना, म्हणून सोमवारी तिने पातळीला बाहेरून पेनाने बारीक रेघ मारली. मंगळवारी, बुधवारी पातळी रेघेवर. गुरुवारी रेघेच्या चांगली बोटभर वर.

कमी झालं असतं तर काय करायचं ते तिला पाठ होतं. वाढलं तर काय करायचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. थंड इंजिनात ते आपोआप वाढत नाही, म्हणजे कोणीतरी भरत होतं. घरात ती, बाळ आणि सासरे. बाळ अजून रांगत होतं.

"बाबा, गाडीत कूलंट तुम्ही घालता?"

"मी? छे!" वर्तमानपत्राआडून उत्तर आलं.

"बाबा."

"अगं, थोडंसं. फिरायला निघताना. कमी दिसलं की तू दिवसभर जिवाला घोर लावून घेशील. म्हटलं, तू उठायच्या आत उरकून टाकावं. आज जरा हात सैल पडला."

"रोज?"

"रोज कुठलं! एक दिवसाआड."

"तीन आठवडे? मग ते जातंय कुठे?"

सासऱ्यांनी चष्मा काढला. हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता.

गॅरेजवाला दुपारी आला. टॉर्च मारून त्याने पाण्याच्या पंपाखाली सुकलेला पांढुरका थर दाखवला. "इथून पाझरतंय. गरम इंजिनावरच सुकतं, म्हणून खाली डाग नाही. जवळपास फिरलात तर कळणारही नाही. चढावर मात्र गाडीने मान टाकली असती. वरून भरत कोण होतं?"

"घरातलेच," ती म्हणाली.

"मी," सासरे म्हणाले. "तिला माहीत नव्हतं."

नवा पंप बसायला शनिवारची संध्याकाळ होणार होती. तिने आईला फोन करून रविवार सांगितला.

"मी येऊ का सोबत?" सासऱ्यांनी विचारलं. "नुसता बसेन. तोंड उघडणार नाही."

तिला हो म्हणायचं होतं. "नको बाबा," ती म्हणाली. "फक्त यापुढे काही कमी दिसलं, तर आधी मला हाक मारा."

"झोपलेली असलीस तरी?"

"तरी."

रविवारी चढाच्या मध्यावर बाळाने भोकाड पसरलं. तिने गाडी कडेला घेतली. तापमानाचा काटा जागचा हलला नव्हता. बाळाला फक्त भूक लागली होती. त्याला मांडीवर घेऊन दूध पाजून होईपर्यंत ती तिथेच थांबली आणि मग निघाली.